टेक्सासच्या आखाड्यातले वशिंड

फोर्ट वर्थच्या ‘स्टॉकयार्ड्स’ भागात रोज दोनदा, सकाळी साडेअकरा आणि दुपारी चार वाजता, लांब शिंगांच्या गुरांचा छोटा कळप एक्स्चेंज अ‍ॅव्हेन्यूवरून चालत नेतात. जुन्या वेषातले घोडेस्वार दोन्ही बाजूंनी संथपणे जातात, मुले बापाच्या खांद्यावर बसून बघतात. हे सारे पर्यटकांसाठी आहे, हे कुणी लपवत नाही. १९९९ पासून चाललेला हा खेळ आहे. पण ज्या रस्त्यावर तो चालतो तो रस्ता खोटा नाही. १८६६ नंतरच्या पाव शतकात चाळीस लाखांवर गुरे फोर्ट वर्थवरून उत्तरेला, कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांकडे हाकली गेली. १८७६ मध्ये रेल्वे गावातच आली, १९०२च्या सुमारास स्विफ्ट आणि आर्मर या दोन मांस-कंपन्यांनी इथे कारखाने उभारले, आणि १९४४ साली या बाजारातून पन्नास लाखांहून अधिक जनावरे गेली. आर्मरचा कारखाना १९६२ मध्ये बंद पडला, स्विफ्टचा १९७१ मध्ये. उरलेल्या विटांच्या भिंतींत आज टोप्या, बूट आणि बार्बेक्यू विकतात.

डॅलसच्या परिसरात मराठी घरे पुष्कळ. गावाकडून आईवडील किंवा काका-मावशी आले की रविवारी त्यांना इथे आणण्याचा रिवाजच पडला आहे. मीही तसाच, भाचीच्या कुटुंबाबरोबर गेलो. दुपारी गुरांची मिरवणूक, संध्याकाळी ‘काउटाउन कॉलिझियम’मध्ये रोडिओ. ही इमारत १९०८ची, आणि छपराखालचा पहिला रोडिओ १९१८ साली इथेच झाला असे गाव अभिमानाने सांगते.

‘अस्सल अमेरिकन वारसा’ हे शब्द इथे पदोपदी कानावर येतात. अस्सल म्हणजे काय, हे जरा उकलून पाहावे. रोडिओ हा शब्दच स्पॅनिश, गुरे घेरून एकत्र आणण्याचा. लॅसो, लॅरिएट, रँच, मस्टँग हेही सारे मेक्सिकोतल्या ‘वाकेरो’ गुराख्यांकडून आलेले. कॉलिझियमसमोर एका कृष्णवर्णीय माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे, धावत्या गोऱ्ह्याची शिंगे पकडून त्याला लोळवणाऱ्याचा. हा बिल पिकेट. १८७०चा जन्म, आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. घोड्यावरून झेप घेऊन शिंगे धरायची आणि जनावराचा ओठ दातात पकडून त्याला खाली आणायचे, ही त्याची युक्ती. त्यातूनच आजचा ‘स्टिअर रेसलिंग’ हा प्रकार निघाला (ओठ चावणे मात्र गेले). काळ्यांना मज्जाव असलेल्या स्पर्धांत त्याला कधी मेक्सिकन, कधी इंडियन म्हणून उतरवावे लागे. १९३२ मध्ये घोड्याच्या लाथेने तो मेला. पुढे अमेरिकन टपाल खात्याने पश्चिमेच्या वीरांच्या तिकिटांत त्याला घेतले, तर छायाचित्र त्याच्या भावाचे निघाले! १९९४ मध्ये तिकिटे मागे घेऊन पुन्हा छापावी लागली. काठावर राहिलेल्या माणसांच्या इतिहासात असेच होते. नाव एकाचे लागते, चेहरा दुसऱ्याचा.

पण मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो पाहुणा याहून दूरचा आहे. रोडिओतला शेवटचा प्रकार वळूवर बसण्याचा. एक हात दोरात, दुसरा मोकळा. मोकळा हात कुठे लागला की बाद. आठ सेकंद टिकायचे. शंभरांपैकी निम्मे गुण स्वाराचे, निम्मे वळूचे, म्हणजे जनावर जितके उग्र तितके स्वाराचे भाग्य थोर. फाटक उघडले आणि जो बाहेर आला त्याच्या खांद्यावर वशिंड होते, गळ्याखाली लोंबती पोळी. निवेदक त्याला ‘ब्रामर’ म्हणत होता. तो शब्द ‘ब्राह्मण’ आहे, हे ध्यानात यायला मराठी कानाला अंमळ वेळ लागतो.

वशिंड टेक्सासला पोचले ते गोचिडामुळे. स्पॅनिशांनी आणलेल्या गुरांपासून तयार झालेली लांब शिंगांची टेक्सासी गुरे गोचीड-ताप पचवत. ती उत्तरेकडे गेली की तिकडची गुरे पटापट मरत. कॅन्सस, मिसुरीने त्यांच्यावर बंदी घातली. उलट, जास्त मांस मिळावे म्हणून टेक्सासात आणलेली विलायती हेरफर्ड आणि शॉर्टहॉर्न गुरे उन्हाने आणि तापाने बेजार होत. हा ताप गोचीड पसरवते हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये सिद्ध केले. ऊन सोसणारे आणि गोचिडाला दाद न देणारे जनावर कुठले, तर हिंदुस्थानातले. १८५४ मध्ये लुइझियानातल्या रिचर्ड बॅरो या मळेवाल्याला ब्रिटिश सरकारने दोन वळू दिले होते. हिंदुस्थानात जाणाऱ्या अधिकाऱ्याला कापूस-उसाची शेती शिकवल्याची ती परतफेड. १८८५ मध्ये ह्यूस्टनच्या दोघांनी आणखी दोन थेट आणवले. १९०६ मध्ये पिअर्स इस्टेटचा व्यवस्थापक बॉर्डन स्वतः हिंदुस्थानात येऊन खरेदी करून गेला. न्यूयॉर्कजवळच्या बेटावर जनावरे अडकली, त्यांच्यात सर्रा रोग निघाला, काही मारावी लागली. तरी तीसेक वळू टेक्सासला पोचले. १९२४ मध्ये ह्यूस्टनला पैदासकारांची संघटना निघाली आणि तिचे पहिले सचिव सार्टवेल यांनी नव्या जातीला ‘ब्राह्मण’ हे नाव सुचवले. आपल्याकडे बैलाला कुणी असे म्हणाले असते तर काय झाले असते, हा विचार करून मी एकटाच हसलो.

या जातीत मिसळलेली रक्ते चार सांगितली जातात : गुजरातची गीर आणि कांक्रेज, आंध्रची ओंगोल, आणि चौथी ‘कृष्णा व्हॅली’, म्हणजे कृष्णाकाठची. सांगली-मिरजेकडच्या वाचकांनी इथे थांबावे. फुशारकीला मात्र जागा नाही. कृष्णाकाठचा वाटा यात सर्वांत लहान दिसतो, आणि मुळात कृष्णाकाठची जातही ‘शुद्ध’ नव्हे. काळ्या चिकट रानात अवजड नांगर ओढणारे दांडगे बैल हवेत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गीर, ओंगोल, कांक्रेज आणि म्हैसुरी गुरांच्या संकरातून ती घडली. म्हणजे टेक्सासात जे झाले ते आधी सांगलीकडे होऊन गेले होते, आणि कारणही तेच : जमिनीला साजेसे जनावर घडवणे. शुद्ध वंशाचा डांगोरा दोन्हीकडे पिटला जातो आणि दोन्हीकडे तो सारखाच पोकळ आहे.

पुढचे वळण वेगळे. ब्राह्मण वळू फोफावला. शॉर्टहॉर्नशी त्याचा संकर करून किंग रँचने ‘सांता गर्ट्रूडिस’ काढली, १९४० मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. शारोले गुरांशी संकर होऊन जी ‘शारब्रे’ निघाली, तिच्यातला ‘बोडेशस’ नावाचा वळू इतका घातकी होता की १९९५ मध्ये त्याला आखाड्यातून काढून घेतले. चार वर्षांनी रोडिओच्या कीर्तिमंदिरात त्याची स्थापनाही झाली. इकडे ट्रॅक्टर आला, अवजड नांगराचे काम संपले, आणि कामासाठीच घडवलेल्या कृष्णाकाठच्या बैलाला पाळण्याचे कारण उरले नाही. खिलारला निदान शर्यत राहिली (२०२१ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली तेव्हा खोंडांचे भाव कसे चढले, ते बाजारकऱ्यांना विचारावे). कृष्णा व्हॅली दुधाला गीरइतकी नाही, धावायला खिलारइतकी नाही. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, बागलकोटकडे काही दावणींना ती अजून आहे.

गीरचे रक्त ब्राझीलमध्ये वेगळे जपले गेले, म्हणून तिथून गीरचे वीर्य परत मागवण्याचा विचार आपल्याकडे होऊ शकला. कृष्णाकाठचे रक्त टेक्सासच्या वशिंडात इतरांबरोबर असे विरघळले आहे की ते वेगळे काढून आणता येणार नाही. जे आहे ते त्या दावणींना आहे तेवढेच.