फिरत्या घरात डासांना मज्जाव

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आणि शयनकक्ष, स्वयंपाकघर व स्वच्छतागृह सोबत घेऊन फिरणारी मोटार ही कल्पना मराठी पर्यटकाला परिचित होऊ लागली. मुंबईपासून जवळचा समुद्रकिनारा शोधणाऱ्यांना आगाशी, अर्नाळा, राजोडी हा वसई तालुक्याचा पश्चिम पट्टा सोयीचा वाटतो. मात्र गाडी कोठेही उभी केली तरी सूर्यास्तानंतर डास, चिलटे, मुंग्या हे निमंत्रण नसलेले पाहुणे येतातच. त्यांना बाहेर ठेवणे हा केवळ झोपेचा प्रश्न नाही, तो आरोग्याचा आणि प्रसंगी जिवाचाही प्रश्न आहे.

आगाशीतच डास का?

आगाशीचा परिसर वाड्यांचा. केळीच्या बागा आणि त्यांपासून होणारी सुकेळी ही या गावाची जुनी ओळख. या वाड्यांना पाणी मिळते ते विहिरींतून आणि 'बावखल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोड्या पाण्याच्या डबक्यांतून. ज्या बावखलात मासे असतात तेथे डासांच्या अळ्या सहसा तग धरत नाहीत. गप्पी माशांचा उपयोग आरोग्य खाते याचसाठी करते. धोका असतो तो दुर्लक्षित विहिरी, उघड्या टाक्या, करवंट्या आणि टाकून दिलेले टायर यांत.

डासांच्या सवयी वेगवेगळ्या असतात. डेंग्यू व चिकनगुनिया पसरविणारा एडिस दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी चावतो आणि साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. हत्तीरोगाचा वाहक क्युलेक्स रात्री चावतो आणि घाण पाण्यात वाढतो. शहरी हिवतापाचा वाहक अॅनॉफिलिस स्टीफेन्सी विहिरी व टाक्यांत अंडी घालतो. मुंबईतील हिवतापाचे मूळ विहिरींतील याच डासात असल्याचे डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या सुमारास केलेल्या पाहणीत दाखवून दिले होते. त्यामुळे 'रात्री जाळी लावली की झाले' हा समज अपुरा ठरतो.

जागेची निवड

एडिस फार लांब उडत नाही. सामान्यतः काहीशे मीटरांच्या परिघातच तो वावरतो. म्हणून गाडी उभी करण्यापूर्वी आसपास उघडी पिंपे, भंगार किंवा तुंबलेले गटार नाही ना, हे पाहावे. डास हा दुबळा उडणारा कीटक असल्याने वारा हा त्याचा मोठा शत्रू. कोकण किनाऱ्यावर दुपारी वारा समुद्राकडून येतो. हिवाळ्यात रात्री तो जमिनीकडून, म्हणजे वाड्यांकडून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे दुपारी मोकळी वाटणारी जागा रात्री तशी राहीलच असे नाही. गाडीचा दरवाजा रात्री वाडीच्या बाजूस येणार नाही, अशी गाडी लावणे शहाणपणाचे. आत बिछान्याच्या दिशेने पंखा सुरू ठेवावा. पंख्याच्या झोतात डासाला अंगावर बसता येत नाही, शिवाय ज्याच्या मागावर तो येतो तो श्वासातील कार्बन डायऑक्साइडही विखुरतो.

जाळी आणि प्रकाश

मच्छरदाणीसाठी एका चौरस इंचात १५६ छिद्रे असलेली जाळी प्रमाण मानली जाते. ती डासाला अडविते; परंतु वाळूमाशी व किनाऱ्यावरील अतिसूक्ष्म चावरे कीटक तिच्यातून सुटू शकतात. त्यांच्यासाठी अधिक बारीक विणीची जाळी हवी, मात्र तिच्यामुळे हवा कमी खेळते. खिडक्यांसोबत छताच्या झरोक्यालाही जाळी असावी. दरवाजाला चुंबकपट्टीचा दुभंग पडदा लावल्यास ये-जा करताना तो आपोआप मिटतो. रात्रीच्या किड्यांना पांढऱ्या-निळसर प्रकाशाचे आकर्षण अधिक असते. बाहेरचा दिवा पिवळा ठेवावा आणि दार उघडण्यापूर्वी आतील दिवे मालवावेत.

तळातील छिद्रे: दुहेरी धोका

विजेची वायर, पाण्याची नळी, सांडपाण्याचा पाइप यांच्यासाठी गाडीच्या तळाला छिद्रे पाडलेली असतात. मुंग्या व झुरळे याच वाटेने येतात. केरळातील वडकरा येथे डिसेंबर २०२४ मध्ये कॅराव्हॅनमध्ये झोपलेल्या दोघांचा मृत्यू झाला. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू तळातील छिद्रातून आत शिरल्याचे तपासात निष्पन्न झाले. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून प्रत्येक छिद्र रबरी कडे व सिलिकॉन सीलंटने बंद करावे, माणसे आत झोपलेली असताना जनरेटर चालवू नये आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवावे. हवा येण्याचे झरोके मात्र कधीही बुजवू नयेत. त्यांना जाळी लावावी.

कॉइल नको

बंद गाडीत डासांची कॉइल पेटविणे सर्वथा टाळावे. एका कॉइलच्या धुरातील सूक्ष्म कणांचे प्रमाण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले होते. शिवाय गाद्या-पडद्यांना आग लागण्याची भीती असतेच. त्यापेक्षा मच्छरदाणी, अंगभर कपडे आणि त्वचेवर लावायचे डासरोधक मलम हे उपाय सुरक्षित. डीईईटी असलेले मलम प्लास्टिक खराब करते. ते लावलेले हात अॅक्रिलिकच्या खिडकीला वा चष्म्याला लावू नयेत. दोन महिन्यांहून लहान बाळाला ते लावू नये.

आठवड्यातून एकदा

गाडीही डासांचे घर होऊ शकते. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत सुमारे आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे बादल्या, वातानुकूलन यंत्राखालील तबक आणि सुट्या टायरमधील पाणी आठवड्यातून एकदा रिकामे करून कोरडे करावे; टाकीचे झाकण घट्ट असावे. एडिसची अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, म्हणून कडा घासून काढणे आवश्यक. १९८५ मध्ये आशियाई एडिस अमेरिकेतील ह्यूस्टनला स्थिरावल्याचे आढळले. तो पोहोचला होता जुन्या टायरांतून. पावसाळ्यानंतर गावोगाव फिरणाऱ्या गाडीसोबत एका गावचा डास दुसऱ्या गावी जाऊ नये, ही जबाबदारी पर्यटकाचीच.

किराण्याची पुठ्ठ्याची खोकी आत आणू नयेत, झुरळांची अंडी त्यांतूनच येतात. खरकटे झाकलेल्या डब्यात ठेवून रोज बाहेर काढावे. मोरीच्या नळीला पाणी साचून राहणारे वळण असावे. गाडी अनेक दिवस उभी राहिल्यास ते सुकते, तेव्हा निघण्यापूर्वी त्यात तांब्याभर पाणी ओतावे.