तासाचे साठ आणि रुपयाचे शंभर

इतिहास म्हटला की किल्ले आणि लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु कष्टकऱ्यांचा एक इतिहास हजेरीपुस्तकातही लिहिलेला असतो, आणि त्यातील लढाई पुष्कळदा मिनिटांसाठीच झालेली असते. तोच इतिहास आज आम्ही मांडणार आहोत. कारण वरसे, रोहे आणि धाटाव येथील ज्या घरांचा चरितार्थ कारखान्यावर चालतो, त्यांच्या पगाराशी त्याचा दर महिन्याला संबंध येतो.

साठाने मोजण्याची रीत फार जुनी. बाबिलोनचे ज्योतिषी साठानेच मोजीत. आपल्याकडेही अहोरात्राच्या साठ घटिका आणि घटिकेची साठ पळे. बुडाला बारीक भोक असलेले घटिकापात्र पाण्यावर ठेवावे. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे आजची २४ मिनिटे, सरली. साठाचा गुण असा की त्याचा निम्मा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा हिस्सा अपूर्णांकाशिवाय निघतो. फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी १७९३ साली दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटे केली खरी, पण १७९५ मध्ये तो नियम त्यांनाच स्थगित करावा लागला. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. रुपया बदलला, तास मात्र साठाचाच राहिला. पुढचा सारा घोळ इथून सुरू होतो.

मुंबईच्या गिरण्यांत प्रारंभी कामाला घड्याळाची मर्यादाच नव्हती. १८८१ च्या कायद्याने मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ पुरुषांविषयी तो मुका होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला. आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, या त्यातील प्रमुख मागण्या. कामाचा आरंभ घड्याळावर, पण अखेर सूर्यावर! मुंबईत सूर्यास्त वर्षभरात तासाहून अधिक मागेपुढे होतो, तरीही ती मागणी त्या काळी मोठी वाटली. इतका दिवस लांबलेला होता. १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची, १९२२ च्या कायद्याने अकरा तासांची मर्यादा आली. १९३४ मध्ये ती दहा तास झाली. १९४८ च्या कायद्यात दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले, आणि त्यावरील कामाला दुप्पट मजुरी. दुप्पट दराचे हे तत्त्व २०२० च्या संहितेतही कायम आहे.

म्हणजे मर्यादेपलीकडच्या प्रत्येक मिनिटाला दुप्पट मोल आले. मग ते मिनिट मोजतो कोण? पूर्वी कारकून मोजीत असे. आज संगणकावरची स्प्रेडशीट मोजते. १९७९ साली व्हिसिकॅल्क, १९८३ साली लोटस १-२-३ आणि १९८५ साली एक्सेल आले. हे यंत्र कधी थकत नाही; परंतु विचारू तेवढेच सांगते. एक्सेल दिवसाला १ धरते. तास म्हणजे दिवसाचा चोविसावा भाग आणि मिनिट म्हणजे १४४० वा.

समजा, एकाचे महिन्याचे जादा काम १५९० मिनिटे भरले. साठाने भागले की २६ तास आणि बाकी ३० मिनिटे. स्प्रेडशीटमध्ये ‘इंट’ हे सूत्र पूर्ण तास देते, ‘मॉड’ उरलेली मिनिटे. किंवा घर ए२ मध्ये मिनिटे असतील तर ‘=ए२/१४४०’ लिहावे आणि मांडणी ‘[एच]:एमएम’ ठेवावी. तो चौकटी कंस गाळला की चोवीस तासांचा पूर्ण दिवस दृष्टीआड होतो आणि २६:३० च्या जागी २:३० दिसते. जादा कामाचा दुप्पट दर तासाला १६० रुपये असेल, तर ४२४० च्या जागी ४०० रुपये हाती पडायचे! तसेच २६:३० ला आधी २४ ने न गुणता सरळ दराने गुणले, तर उत्तर पावणेदोनशेच्या आसपास येते.

या दोन चुका आंधळ्यालाही दिसतील. खरी चूक तिसरी. २६ तास ३० मिनिटे हे ‘२६.३०’ असे लिहायचे आणि त्याला १६० ने गुणायचे. उत्तर येते ४२०८. बत्तीस रुपये गेले, पण हिशेब कसा खरा भासतो! अशी पत्रके आमच्या पाहण्यात आली आहेत. लिहिणारा लबाड नव्हता. रुपयाच्या सवयीने त्याने तासाचेही शंभर भाग धरले, एवढेच. मात्र ही चूक तटस्थ नसते. साठाने भागायचे ते शंभराने भागले की सुट्या मिनिटांचा दोन पंचमांश भाग हटकून जातो. मजुरीच्या हिशेबात तो नेहमी कामगाराचाच जातो. उशिराची कपात अशी मोजली तर तोटा मालकाचा, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण दोनशे कामगारांचे महिन्याला बत्तीस रुपये धरले, तर वर्षाचे ७६,८०० होतात.

कोणी म्हणेल, एवढे सूत्र कामगाराला कशाला? आम्ही म्हणतो, सूत्र न आले तरी मराठी येते ना! आपल्या वाडवडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ असत. सव्वा, साडे, पाऊण हे शब्द मुळात हिस्सेच सांगतात. ‘साडेसव्वीस तास’ म्हणणारा माणूस २६.३० लिहील कसा? तो २६.५ च लिहील. १५ मिनिटे म्हणजे पाव, ४५ म्हणजे पाऊण. बाकीच्यांना साठाने भागावे.

म्हणून पगारचिठ्ठी हाती आली की जादा तासांचा आकडा एकदा मोठ्याने मराठीत वाचावा, आणि आपल्या वहीतील मिनिटांशी ताडून पाहावा. वही रोज लिहावी. लोखंड्यांच्या अर्जावर सही करणाऱ्यांपैकी कित्येकांना घड्याळ परवडत नसेल. आपल्या खिशात आज फोन आहे, त्यात घड्याळ आहे आणि हिशेबाचे यंत्रही आहे. आपल्या मिनिटांचा हिशेब आता आपल्याच हाती आहे.