रजोनिवृत्ती आणि अस्थी : परिभाषेच्या इतिहासातील एक प्रकरण

एखाद्या शारीरिक अवस्थेला नाव मिळाले म्हणजे ती विचाराचा विषय होते. पण तिच्याकडे कोणत्या बाजूने पाहावयाचे हेही त्या नावाबरोबर पुष्कळसे ठरून जाते. वैद्यकाच्या परिभाषेचा इतिहास अभ्यासताना याची प्रचीती वारंवार येते. स्त्रीच्या उत्तरवयात मासिक पाळी थांबते आणि त्याच सुमारास तिच्या हाडांतील द्रव्य वेगाने घटू लागते, हा संबंध आज सर्वमान्य आहे. तथापि या दोन्ही अवस्थांना युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, थोड्या वर्षांच्या अंतराने आणि एकाच भाषेत नावे मिळूनही, त्यांचा परस्परसंबंध स्पष्टपणे मांडला जाण्यास आणखी सुमारे शंभर वर्षे जावी लागली. या विलंबाची कारणे शोधताना साधनांच्या अपुरेपणाबरोबर शब्दांचाही विचार करावा लागतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाळी थांबण्याचे वय प्राचीनांना चांगले ठाऊक होते. बहुतेक स्त्रियांची पाळी चाळिशीच्या सुमारास थांबते व काहींची पन्नाशीपर्यंत चालू राहते, असे ॲरिस्टॉटलने प्राणिविषयक ग्रंथात नमूद केले आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आर्तवाचा आरंभ बाराव्या वर्षी आणि क्षय पन्नासाव्या वर्षी सांगितला आहे. आयुर्वेदाच्या परंपरेत वार्धक्य हा वाताच्या प्राबल्याचा काळ मानलेला असून, अस्थी हे वाताचे आश्रयस्थान असल्याचे अष्टांगहृदयात सांगितले आहे. म्हणजे उतारवयात हाडे दुबळी होतात या अनुभवालाही तेथे शास्त्राची चौकट लाभली होती. परंतु ती चौकट स्त्रीपुरुष दोघांनाही सारखीच लागू होती. आर्तवाचा क्षय हे अस्थिक्षयाचे कारण म्हणून त्या ठिकाणी येत नाही.

आधुनिक परिभाषेचा आरंभ फ्रान्समध्ये झाला. शार्ल द गार्दान या वैद्याने १८१६ मध्ये स्त्रियांना उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात ‘मेनेस्पोझी’ हा शब्द योजला आणि १८२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला ‘मेनोपोझ’ असे सुटसुटीत रूप दिले. ग्रीक भाषेत ‘मेन’ म्हणजे महिना आणि ‘पाउसिस’ म्हणजे थांबणे. त्यापूर्वी फ्रेंचमध्ये या काळाला ‘निर्णायक वय’ अशा अर्थाचे नाव रूढ होते. दोन नावांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. जुन्या नावात वर्षानुवर्षांचा कालखंड सूचित होता. नव्या नावात एक घटना आली. शास्त्राला लागणारा नेमकेपणा त्यामुळे साधला, परंतु दृष्टी एकाच दृश्य चिन्हावर, म्हणजे रक्तस्राव थांबण्यावर, खिळली. त्या घटनेनंतर शरीरात जे संथपणे आणि न दिसता चालू राहते, त्याला या शब्दात जागा नव्हती.

याच सुमारास हाडांचा इतिहासही पुढे सरकत होता. लंडनचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सांधे निखळणे व अस्थिभंग यांवरील ग्रंथात, मांडीच्या हाडाच्या मानेचा भंग मुख्यतः वृद्धांत होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक होतो, असे निरीक्षण नोंदविले. त्यानंतर काही वर्षांनी, १८३० च्या आसपास, स्ट्रासबुर्ग येथील विकृतिशास्त्रज्ञ झाँ लोबस्टाइन यांनी सच्छिद्र झालेल्या हाडांसाठी ‘ऑस्टिओपोरोझ’ हा फ्रेंच शब्द घडविला. ‘ऑस्टिऑन’ म्हणजे हाड व ‘पोरोस’ म्हणजे छिद्र वा मार्ग. हा शब्द शवविच्छेदनाच्या मेजावर जन्मला. त्यात हाडाचे रूप आहे. ते हाड कोणाचे, कोणत्या वयाचे, हे नाही. एक शब्द रुग्णशय्येपाशी घडला, दुसरा शवागारात. आणि ते वापरणारे वैद्यही भिन्न शाखांचे राहिले. कूपर यांच्या निरीक्षणातील ‘स्त्रियांत अधिक का?’ हा प्रश्न अशा रीतीने दोन शब्दांच्या मध्ये निराधार राहिला.

विसाव्या शतकात तिसरा शब्द आला. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांत ‘हॉर्मोन’ ही संज्ञा प्रथम वापरली. चेतविणे, गती देणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ती साधलेली आहे आणि मराठीतील ‘संप्रेरक’ हा प्रतिशब्द त्या अर्थाशी बराच इमान राखतो. १९२३ मध्ये एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अमेरिकेतील सेंट लुईस येथे अंडाशयातील संप्रेरकाचे कार्य प्रयोगाने दाखविले. १९२९ मध्ये डॉइझी यांनी तेथे आणि अडोल्फ बूटेनांट यांनी जर्मनीत, स्वतंत्रपणे, गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून त्या वर्गातील एक द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात मिळविले. या वर्गाला ‘ईस्ट्रोजेन’ असे नाव रूढ झाले. त्याच्या मुळाशी ‘ओइस्ट्रोस’ हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ गुरांना डसणारी माशी आणि त्या दंशाने येणारा उन्माद असा आहे. मादी जनावराच्या माजावरून हे नाव पडले. पुढे जे द्रव्य अस्थींचे रक्षक ठरले, त्याच्या नावावर प्रजननाचीच मुद्रा उमटली.

या तीन शब्दांची भेट बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात झाली. १९३४ मध्ये असे आढळून आले होते की, अंडी घालण्याच्या काळात मादी कबुतराच्या हाडांच्या पोकळीत नवे हाड साठते. पुढे ते ईस्ट्रोजेनच्या प्रभावाने घडते असेही दिसले. पक्ष्यांतील या शोधाचे मर्म फुलर ऑलब्राइट यांनी ओळखले. ऑलब्राइट व त्यांच्या सहकारिणी पॅट्रिशिया स्मिथ आणि ॲना रिचर्डसन यांनी १९४१ मध्ये ‘रजोनिवृत्त्युत्तर अस्थिसुषिरता’ अशा अर्थाची जोडसंज्ञा शीर्षकातच योजून निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या ४२ रुग्णांपैकी ४० रजोनिवृत्त स्त्रिया होत्या. शतकभर अलग राहिलेले दोन शब्द एका समासात आले आणि कूपर यांच्या प्रश्नाला उत्तराची दिशा मिळाली.

अर्थात केवळ शब्दांमुळे हा विलंब झाला, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. क्षकिरणांचा शोध १८९५ मध्ये लागला असला, तरी हाडातील सुमारे ३० टक्के खनिज घटल्याखेरीज साध्या क्षकिरणचित्रात ती घट सहसा दिसत नाही. मणके तर पुष्कळदा वेदनेवाचून खचतात आणि उंची कमी झाल्यावर किंवा पाठीला बाक आल्यावरच ध्यानात येतात. शिवाय ऑलब्राइट यांचे सर्व विवेचनही टिकले नाही. ईस्ट्रोजेनच्या अभावी हाड घडविणाऱ्या पेशी मंदावतात, असे त्यांचे मत होते. हाड हे आयुष्यभर मोडत आणि घडत असते. ईस्ट्रोजेन घटले की मुख्यतः हाड शोषून घेणाऱ्या पेशींचा आवर सुटतो आणि घडणीचा वेग त्या मोडीला पुरा पडत नाही, असे नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले. हाडाच्या पेशींत ईस्ट्रोजेनचे ग्राहक असल्याचे १९८८ मध्ये दाखविले गेले, तेव्हा हा संबंध प्रत्यक्ष असल्याची खात्री पटली.

संबंध कळला, पण त्यातून नवे नाव आणि नवा दृष्टिदोषही निपजला. संप्रेरक घटते, म्हणून ही ‘तूट’. आणि तूट म्हटली की ती भरून काढावी, हा विचार ओघानेच येतो. गाभण घोड्यांच्या मूत्रापासून केलेले ईस्ट्रोजेनचे औषध १९४२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकन वैद्याने एका लोकप्रिय पुस्तकात रजोनिवृत्ती हा तुटीचा रोगच ठरविला. १९७५ मध्ये या उपचाराचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी संबंध दाखविणारे अभ्यास प्रसिद्ध झाले. उलटपक्षी १९७६ मध्ये ग्लासगो येथील रॉबर्ट लिंडसे प्रभृतींनी, अंडाशय काढलेल्या स्त्रियांत ईस्ट्रोजेनमुळे अस्थिक्षय रोखला जातो, हे काटेकोर प्रयोगाने सिद्ध केले. २००२ मध्ये अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील संयुक्त संप्रेरकांचा मोठा प्रयोग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. त्यात खुब्याचे अस्थिभंग सुमारे एकतृतीयांशाने घटले होते, परंतु स्तनाचा कर्करोग सुमारे २६ टक्क्यांनी वाढला होता. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीच्या आतबाहेरील स्त्रियांच्या बाबतीत लाभहानीचा हिशेब निराळा पडतो, हे पुढील विश्लेषणांतून स्पष्ट झाले. ‘तूट’ हा एकच शब्द इतका भेद पेलू शकत नव्हता.

आता मराठीकडे वळू. ‘रजोनिवृत्ती’ हा शब्द गार्दानच्या शब्दाप्रमाणेच रजाकडे पाहतो. मात्र ‘निवृत्ती’मध्ये प्रवृत्तीच्या विरुद्ध असणाऱ्या विश्रांतीची एक छटा आहे. बोलीतील ‘पाळी जाणे’ व ‘विटाळ जाणे’ या प्रयोगांत तर सुटकेचा अर्थ उघड आहे. बाजूला बसण्याच्या बंधनातून मोकळ्या झालेल्या स्त्रीला त्या घटनेत काही गमावल्याची जाणीव होऊ नये, हे स्वाभाविकच होते. हाडांच्या बाबतीत आपण ‘झीज’ म्हणतो. हा शब्द सहाणेवरच्या चंदनासारखा आहे. जे वापरले जाते ते झिजते. गुडघ्याच्या सांध्यातील कूर्चा खराब होणे आणि हाडातील द्रव्य घटणे या दोन भिन्न विकारांना आपण हाच एक शब्द लावतो. त्यातून, हाडे झिजली आहेत तेव्हा हालचाल कमी करावी, असा ग्रह होतो. वस्तुतः हाड भाराला अनुसरून घडते, हा सिद्धांत बर्लिनच्या यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडला होता. अंथरुणास खिळलेल्या माणसाचे हाड घटते. चालणाऱ्याचे व ओझे पेलणाऱ्याचे टिकते. ‘ठिसूळ’ हा आपला जुना शब्द या अवस्थेला अधिक जवळचा आहे.

याहून गंभीर उदाहरण ‘पिशवी काढणे’ या प्रयोगाचे आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांत पुष्कळ जणी ऐन तारुण्यातील होत्या. ‘पिशवी काढली’ या वाक्यात गर्भाशय गेले एवढेच कळते. अंडाशय राहिले की गेले हे कळत नाही. हाडांच्या दृष्टीने तर तोच मुख्य प्रश्न आहे. गर्भाशय गेले आणि अंडाशय राहिले, तर पाळी थांबते पण संप्रेरक चालू राहू शकते. दोन्ही अंडाशय गेले, तर तिशीतल्या स्त्रीच्या हाडांवर पन्नाशीनंतरचा काळ एकदम येतो. दोघींचीही पाळी गेलेलीच असते. दृश्य चिन्हावर उभारलेला शब्द येथे पूर्णपणे अपुरा पडतो, आणि ज्या स्त्रीला उसाची मोळी डोक्यावर वाहून पोट भरावयाचे आहे, तिला हा अपुरेपणा अंगावर सोसावा लागतो.

परिभाषा घडविणाऱ्यांनी आणि ती शिकविणाऱ्यांनी यातून घ्यावयाचा बोध मर्यादित पण निश्चित आहे. रुग्णेची हकीकत नोंदविताना ‘पाळी केव्हा गेली?’ या प्रश्नापाशी न थांबता ‘ती कशाने गेली आणि अंडाशय आहेत काय?’ असे सोप्या मराठीत विचारले गेले पाहिजे. कूपर यांच्या निरीक्षणापासून ऑलब्राइट यांच्या समासापर्यंत सुमारे एकशेवीस वर्षे गेली. तो समास आज आपल्या हाती आहे. बोलीत त्याचा उलगडा करून देण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.