एग्मोरहून जिंजीकडे : प्रवासी सायकलची जुळणी

चेन्नईच्या एग्मोर भागात – तमिळ लोक त्याला एळुंबूर म्हणतात – तांबड्या-पांढऱ्या रंगाचे, घुमटांनी नटलेले एक भव्य रेल्वेस्थानक आहे. ११ जून १९०८ रोजी ते सुरू झाले. तेथून दक्षिणेकडे निघणाऱ्या गाड्या मीटरगेजच्या, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांवरून धावणाऱ्या होत्या. तीन किलोमीटरच्या आत असलेल्या सेंट्रल स्थानकात मुंबईकडील गाड्या येत, त्यांचे रूळ मात्र १,६७६ मिलिमीटर अंतराचे. तंजावरला निघालेला मराठी प्रवासी सेंट्रलवर उतरे, वळकटी हमालाच्या डोक्यावर देई आणि एग्मोरची वाट धरी. दोन्हीकडची इंजिने चांगली, डबे चांगले, रूळही चांगले. परंतु एकीकडचे चाक दुसरीकडच्या रुळावर बसत नसे. एवढ्या एका कारणासाठी माणसे आणि माल पिढ्यान् पिढ्या उतरविला व पुन्हा चढविला गेला.

यंत्राचे मोल त्याच्या सुट्या भागांच्या उत्तमपणावर ठरत नाही, त्यांच्या मेळावर ठरते, हा धडा रेल्वेने मोठ्या प्रमाणावर दिला. सायकलीच्या इतिहासाने तोच धडा लहान प्रमाणावर दिलेला आहे. आणि ज्याला दूरच्या प्रवासासाठी एकेक भाग निवडून आपली सायकल जुळवून घ्यावयाची आहे, त्याला तो विसरून चालत नाही.

समजा, असा एक प्रवासी एग्मोरहून जिंजीला निघाला आहे. तांबरम्, चेंगलपट्टू, तिंडिवनम् आणि तेथून पश्चिमेला वळून जिंजी, असा हा सुमारे दीडशे किलोमीटरचा मार्ग. जिंजी मराठी मनाला परकी नाही. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये तो दुर्ग घेतला. १६८९ मध्ये राजाराम महाराज तेथे पोचले आणि मोगलांच्या वेढ्यापुढे तो १६९८ पर्यंत टिकला. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा किल्ला हा एकच. हमरस्ता आज उत्तम आहे. पण तो सोडून तळ्यांच्या बांधांवरून जावयाचे म्हटले, की तांबडी माती आणि खडी सुरू होते. अशा वाटांसाठी अलीकडे जी सायकल बनते, तिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात.

नाव नवे, पण वस्तू कितपत नवी? १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्लीने सारख्या चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल सिद्ध केली. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉपने हवेचा टायर दिला. या दोन शोधांतून जी सायकल घडली, तीच हिंदुस्थानात डाकवाल्याची, दूधवाल्याची आणि शाळामास्तरांची सायकल झाली. तिचा टायर दीड इंचाचा, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर रुंद. ग्रॅव्हल सायकलीला आज ४० मिलिमीटरच्या आसपासचा टायर आवर्जून घालतात! खडीवर रुंद टायर कमी हवेने चालवावा, म्हणजे हादरे कमी बसतात, हे तत्त्व आपल्या खेड्यांतील सायकल मुकाट्याने पाळीत आली होती.

मात्र रुंदी जुळली तरी घेर जुळत नाही. जुन्या देशी सायकलीच्या रिमवर टायर जेथे बसतो, तेथील व्यास ६३५ मिलिमीटर असतो. नव्या प्रवासी सायकलींच्या रिमचा बहुधा ६२२. फरक अवघा १३ मिलिमीटरांचा. पण तेवढ्याने खेड्यातील दुकानाच्या छताला लटकणारा टायर नव्या सायकलीला निरुपयोगी ठरतो. एग्मोर आणि सेंट्रल यांच्यामधले अंतर ते हेच! म्हणून मार्ग लांबचा असेल, तर एकतर रिम तेथल्या मापाची घ्यावी, नाहीतर टायर गुंडाळून सोबत न्यावा. तिसरा उपाय नाही.

पुढचा प्रश्न गिअरचा. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागे १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेरीत सायकल साडेपाच मीटरांच्या जवळपास जाते. सपाटीवर हे ठीक. पण सामान लादून चढ चढताना गुडघे बोलू लागतात. पुढे ३० आणि मागे ३४ दाते घेतले, तर तीच फेरी दोन मीटरही नेत नाही, आणि चढ सुसह्य होतो. फ्रान्समधील सेंत-एत्येन येथील पॉल द विवी यांनी ‘ल सिक्लिस्त’ या आपल्या नियतकालिकातून हा विचार आयुष्यभर सांगितला. तरीसुद्धा फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतीत साखळी सरकवणाऱ्या गिअरला १९३७ पर्यंत मज्जाव होता. शर्यतीच्या प्रवर्तकांना ती दुबळ्यांची सोय वाटे. प्रवाशाला मात्र कोणाला हरवावयाचे नसते. त्याला पोचावयाचे असते.

चाकांची गोष्टही अशीच. मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून जुन्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत. आज वजनाची बचत म्हणून तारा कमी करण्याची हौस आहे. ओझे नेणाऱ्याने ३६ पेक्षा कमी घेऊ नयेत. मागच्या चाकाची साखळीच्या बाजूची तार तुटली, तर दात्यांचे चक्र काढल्याशिवाय सहसा नवी बसत नाही. म्हणून ते काढण्याचे हत्यार पिशवीत हवे. ब्रेक तारेने ओढले जाणारे असले, तर तार कोठेही मिळते. तेलाच्या दाबावर चालणारे अधिक पकड देतात, पण बिघडले तर त्यांचा जाणकार शहरातच भेटतो. फ्रेम पोलादी असली, तर तडा गेल्यावर ती गावच्या जोडारीकडेही सांधता येते. कार्बनच्या फ्रेमला ते भाग्य नाही.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरांचा फेरा पुरा करून मार्च १९२८ मध्ये परतले. त्या काळी सायकल बहुधा विलायतेहून येई. पुढे मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना चालला. एग्मोरपासून फार दूर नसलेल्या अंबत्तूरला १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्स या कंपनीची हर्क्युलिस सायकल १९५१ पासून बाहेर पडू लागली. कारखान्यांबरोबर देशभर मापे रुजली आणि मापांबरोबर दुरुस्तीची विद्या रुजली. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे पुस्तक न उघडता जाणणारा कारागीर झाडाखाली हातपंप घेऊन बसू लागला. प्रवासी सायकलीचा खरा आधार तो होता. आजही आहे.

म्हणून भाग निवडताना दुकानातील झगमगाटापेक्षा वाटेवरच्या शेवटच्या गावाचा विचार अगोदर करावा. हा भाग शेजारच्या भागाशी जुळतो का, आणि तिंडिवनम् व जिंजी यांच्या मधल्या त्या झाडाखाली तो दुरुस्त होईल का, असे दोन प्रश्न विचारावेत. मराठ्यांची भीमथडीची तट्टे दिसावयास देखणी नव्हती. परंतु मिळेल तो चारा खाऊन ती मजल मारीत. जिंजीच्या वाटेला आजही तीच जात मानवते.