वारली चित्रकला, समकालीन

वारली जमातीच्या पारंपरिक भित्तिचित्रांतून १९७० नंतर कागद, कापड व कॅनव्हास यांवर विकसित झालेली चित्रकला. वारल्यांची मुख्य वस्ती पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या तालुक्यांत, तसेच लगतच्या दक्षिण गुजरातेत व दादरा-नगर हवेलीत आहे. गोरेगावची आरे वसाहत आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येथे आदिवासी पाडे असल्याने मुंबईची उपनगरेही याच सांस्कृतिक प्रदेशात मोडतात. किंबहुना येथे पाडे आधीचे आणि उपनगर मागाहूनचे. विधीशी बांधलेली लोककला आजच्या कलावंताला प्रेरणा देते म्हणजे नेमके काय देते, हा प्रश्न पॉलिनेशियातील झाडाच्या सालीच्या कापडाबाबत विचारला जातो, तसाच तो वारली चित्रांबाबतही विचारावा लागतो. उत्तर सहसा आकृत्यांच्या साम्यात शोधले जाते. पण आकृती उचलणे सोपे असते. मूळ चित्र कशावर, कशासाठी आणि कोणाच्या हातून काढले जात होते याची जाण नव्या चित्रात कितपत उतरली आहे, यावर प्रेरणेचा कस लागतो, असे या कलेचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास दाखवतो.

मूळ परंपरेत चित्र म्हणजे प्रामुख्याने लग्नातला चौक. कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपून त्यावर गेरू सारवतात आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यात टोक ठेचलेली बांबूची काडी बुडवून सुवासिनी चौक लिहितात. देवचौकाच्या मध्यभागी सुफलतेची देवी पालघाट असते. भोवतीने झाडे, प्राणी, नाचणारी आणि राबणारी माणसे येतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित स्त्री, विधीची गाणी म्हणते, आणि चौकावाचून लग्न पुरे होत नाही. टोकाशी टोक जुळवलेल्या दोन त्रिकोणांचे माणूस, वर्तुळ, चौकोन, ठिपका आणि रेघ एवढीच या चित्राची सामग्री. रंग एकच, पांढरा. लग्न उरकले की चित्राचे काम संपते आणि पुढे केव्हातरी भिंत पुन्हा सारवली जाते. चित्र टिकावे, विकले जावे, त्याखाली कोणाची सही असावी, या अपेक्षांना तेथे जागा नव्हती.

ही चौकट १९७० च्या दशकाच्या आरंभी मोडली. बिहारमधील मधुबनीच्या स्त्रियांना भिंतीवरून कागदाकडे वळवण्यात ज्यांचा वाटा होता, ते चित्रकार भास्कर कुलकर्णी पुपुल जयकर यांच्या पाठबळाने डहाणू भागात पोहोचले. तेथे गंजाडजवळच्या कळंबीपाड्यातील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचे काम पुढे आले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली. १९८९ च्या पॅरिसमधील ‘मॅजिसिअँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचा समावेश होता. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. येथे एक आक्षेप रास्त आहे. चौक लिहिणे हे सुवासिनींचे काम, आणि म्हसे पुरुष. चित्राला लग्नाचा प्रसंग हवा, आणि ते तर रोज चित्रे काढत. मग परंपरा म्हसे यांच्यापाशीच संपली असे का म्हणू नये? याचे उत्तर त्यांच्या चित्रांत आहे. प्रसंग आणि अधिकार त्यांनी सोडले, तरी सारवलेल्या भिंतीची जाण सोडली नाही: कापडावर शेणाचा वा गेरूचा लेप आणि वर पांढरी रेघ हेच त्यांचे माध्यम राहिले. चौकाभोवती जे जगणे किनारीसारखे येई, ते त्यांनी पूर्ण चित्रभर पसरवले. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांतील प्रचंड जाळे केवळ बारीक रेघांच्या पुनरावृत्तीतून उभे राहते. तोकड्या सामग्रीतून किती साधता येते हे त्यांनी परंपरेकडूनच घेतले होते. परंपरा तुटली कुठे आणि सांधली कुठे हे ज्यात दाखवता येते, अशी ही कला आहे.

पॅसिफिकमधील उदाहरणे याच मुद्द्याला बळ देतात. कागदी तुतीची अंतर्साल कुटून, तुकडे जोडून आणि त्यावर नक्षी काढून तेथील स्त्रिया टोंगात न्गातू, सामोआत सिआपो, फिजीत मासी आणि निऊए बेटावर हिआपो हे कापड बनवत आल्या. लग्न, मर्तिक, पदग्रहण अशा प्रसंगी ते अंथरले वा भेट दिले जाई. न्यूझीलंडमध्ये वाढलेले निऊएचे चित्रकार जॉन पुले यांच्या हाती हिआपो आले ते बेटावरची जुनी परंपरा खंडित झाल्यानंतर. जुन्या नमुन्यांच्या चौकटी त्यांनी कॅनव्हासवर आणल्या आणि त्यांत स्थलांतर, मिशनरी, तुटलेली घरे भरली. न्यूझीलंडच्याच रॉबिन व्हाइट यांनी उलट मार्ग धरला: टोंगा व फिजीतील स्त्रियांबरोबर बसून त्यांच्याच पद्धतीने प्रचंड कापडे घडवली. पॅसिफिकबाहेरचे एक उदाहरणही असेच आहे: ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी २००३ मध्ये म्हसे यांच्यासह ड्युसेलडॉर्फला प्रदर्शन केले, तेव्हा त्यांनी वारली माणसे रेखाटली नाहीत. स्वतःच्या मातीच्या रेषा आणि वर्तुळे म्हसे यांच्या चित्रांशेजारी ठेवली. तिघांपैकी कोणीही केवळ नक्षी उचललेली नाही.

मुंबईच्या उपनगरांत मात्र नक्षीच सर्वाधिक दिसते. गृहसंकुलांची कुंपणे, शाळांचे जिने, उपाहारगृहांच्या भिंती, कुर्ते आणि चहाचे पेले यांवर तारपा या फुंकवाद्याभोवती नाचणारी माणसे आढळतात, पण प्लास्टिक रंगाच्या त्या पार्श्वभूमीला ना सारवण ठाऊक असते, ना लग्न. याच उपनगरांत आरेतील पाड्यांवरचे आदिवासी मेट्रोच्या कारशेडविरुद्ध लढत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथे रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली. त्या काळात वारली आकृत्या आंदोलनाच्या फलकांवर आल्या. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप गटाने केलेल्या ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यात आरेतील केलटीपाड्याचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. कुंपणावरचे झाड आणि फलकावरचे झाड रेषेने सारखे असेल. पण दुसऱ्यामागे पुन्हा एक प्रसंग उभा आहे आणि बोलणाऱ्याचा अधिकारही. लग्नाचा चौक जसा समूहाच्या एका निर्णायक क्षणी लिहिला जाई, तसा हा क्षणही समूहाच्या अस्तित्वाचा होता. म्हणून आंदोलनातले घाईचे चित्र सुबक सजावटीपेक्षा परंपरेच्या अधिक जवळ जाते.

यावर दुसरा आक्षेप असा की, त्रिकोण आणि वर्तुळ कोणाच्या मालकीचे नसतात. कला अशीच पसरते, आणि मागणी वाढली म्हणूनच डहाणूच्या अनेक कुटुंबांना उत्पन्न मिळाले. यातला उत्पन्नाचा भाग खरा आहे आणि तो नाकारणे म्हणजे गरिबीला शुद्धतेचे नाव देणे होय. पण मागणी वाढली की लाभ मूळ चित्रकारापर्यंत पोहोचतोच असे नाही. छापील कापडावरची तारप्याची माणसे वारल्याच्या हातची असावी लागत नाहीत. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचा व्यापारी वापर नियमात येतो, आकृत्यांवर कोणाची मक्तेदारी होत नाही. ही मर्यादा योग्यच आहे, कारण मक्तेदारीचा धोका फिजीत दिसला: एका विमान कंपनीने मासीवरील पंधरा आकृतिबंध व्यापारचिन्हे म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केला तेव्हा, २०१३ च्या सुमारास, समूहाची नक्षी कंपनीच्या खिशात जाईल म्हणून तेथे मोठा विरोध झाला. त्रिकोण सर्वांचे, पालघाटेचा चौक, त्याचा प्रसंग आणि त्याचे नाव यांबाबत मात्र आधी वारल्यांना विचारले पाहिजे, एवढा भेद पुरेसा आहे.

या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. पॅसिफिकमध्ये सालीच्या कापडाच्या पुनरुज्जीवनात स्त्रिया आघाडीवर राहिल्या. वारली चित्रकला भिंतीवरून बाजारात आली तेव्हा गॅलऱ्यांत, पुरस्कारांत आणि पुस्तकांत मुख्यतः पुरुषांची नावे आली. पुढच्या पिढीत गंजाडचे मयूर आणि तुषार वायेडा हे बंधू २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनापर्यंत पोहोचले. पॅसिफिकच्या बेटांवरील कलावंतांचे कामही त्याच प्रदर्शनमालेत सातत्याने मांडले जाते. वायेडा बंधूंच्या यशाने ही कला भूतकाळातली नाही हे सिद्ध झाले, पण ज्यांनी चौक जपला त्या सुवासिनी आणि धवलेरी कलेतिहासात अजूनही बहुतांशी अनामिक आहेत. प्रेरणेचा हिशेब कशावर, कशासाठी आणि कोणाच्या हातून या तीन प्रश्नांनी करायचा, तर तिसऱ्याचे उत्तर सर्वांत अपुरे राहिले आहे. समकालीन वारली चित्रकलेचा पुढचा टप्पा नव्या विषयांपेक्षा या स्त्रियांना चित्रकार म्हणून मिळणाऱ्या स्थानावर ठरेल.