ॲम्प्लिफायरचे वॉट : आकड्याची विश्वासार्हता मोजणीच्या अटींवर अवलंबून

संगीतप्रणाली विकत घेताना ग्राहकाची नजर प्रथम ॲम्प्लिफायरच्या ‘वॉट’वर जाते. उत्पादकाने छापलेला हा आकडा प्रत्यक्ष मोजणीतून आलेला असला, तरी ती मोजणी कोणत्या परिस्थितीत झाली हे नमूद नसेल, तर त्यावरून दोन उपकरणांची तुलना करता येत नाही.

शक्ती मोजताना ॲम्प्लिफायरला स्पीकरऐवजी ठरावीक ओहमचा रोध जोडला जातो, साइन तरंगाचा संकेत दिला जातो आणि मिळणारी सरासरी शक्ती वॉटमध्ये नोंदवली जाते. बाजारात हिलाच ‘आरएमएस’ शक्ती म्हणतात. त्याच तरंगाच्या शिखराची क्षणिक शक्ती सरासरीच्या दुप्पट असते. त्यामुळे उपकरणात काहीही बदल न करता ५० वॉटचे १०० वॉट होतात. ‘पीएमपीओ’ या संज्ञेला तर सर्वमान्य व्याख्याच नाही. म्हणून खोक्यावरील हजारो पीएमपीओ वॉटच्या दाव्याची पडताळणी करता येत नाही.

आरएमएस आकड्यातही पळवाटा असतात. मर्यादेबाहेर आवाज वाढवल्यास तरंगाची शिखरे कापली जातात आणि ध्वनी विकृत होतो. १ टक्क्याऐवजी १० टक्के विकृती ग्राह्य धरल्यास आकडा साधारण पावपट वाढतो. ८ ओहमऐवजी ४ ओहमवर मोजल्यास तो आदर्श स्थितीत दुप्पट होतो. सर्व चॅनेल एकाच वेळी न चालवता एकच चालवणे, किंवा संपूर्ण श्राव्य पट्ट्याऐवजी केवळ १ किलोहर्ट्झवर मोजणे, यानेही आकडा फुगतो.

अशाच दाव्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती ॲम्प्लिफायरसाठी नियम लागू केला. शक्तीसोबत ओहम, वारंवारतेचा पट्टा आणि विकृतीचे प्रमाण जाहीर करणे त्याने बंधनकारक केले. मात्र या अटींची मूल्ये निवडण्याची मुभा उत्पादकांकडेच राहिली. २०२४ मधील सुधारणेने ती मर्यादित केली : ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि १ टक्क्याहून कमी विकृती, या समान अटींवर शक्ती जाहीर करावी लागते.

भारतात इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी २०१२ च्या आदेशान्वये सुरू झालेल्या भारतीय मानक ब्युरोकडील सक्तीच्या नोंदणीचा भर सुरक्षिततेवर आहे; ती छापील ध्वनिशक्तीची हमी नव्हे. फसव्या दाव्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार घेता येतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

उपकरणाच्या मागील पट्टीवर विजेचा वापर वॉटमध्ये छापलेला असतो. विजेच्या पुरवठ्यातून जेवढी शक्ती घेतली जाते, त्याहून अधिक शक्ती ॲम्प्लिफायर सातत्याने देऊ शकत नाही. मात्र हा वापर बहुधा पूर्ण क्षमतेच्या एक अष्टमांश शक्तीवर मोजलेला असतो आणि कपॅसिटरमधील साठ्यातून क्षणभर अधिक शक्ती मिळू शकते. त्यामुळे पट्टीवरील आकडा आणि आरएमएस यांतील तफावत हा फसवणुकीचा पुरावा ठरत नाही. तथापि, ५० वॉट वीज वापरणाऱ्या उपकरणावर ५,००० वॉटचा दावा असेल, तर तो दुर्लक्षिण्याजोगाच मानावा.

मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी श्रवणाचा नियमही ध्यानात घ्यावा लागतो. शक्ती दुप्पट झाल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट भासण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. याउलट ३ डेसिबलने अधिक संवेदनशील स्पीकर निवडल्यास ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्याइतकाच परिणाम साधतो. म्हणूनच वॉटच्या आकड्याशेजारी ओहम, विकृती, वारंवारतेचा पट्टा आणि चालवलेल्या चॅनेलची संख्या या चारही बाबी दिलेल्या असतील, तरच तो तुलनेस योग्य ठरतो.