घराघरांतून वाचली गेलेली पुस्तके

बालपणी वाचलेले पुस्तक मनात घर करते, हे सर्वांनाच मान्य आहे. परंतु काही थोडी पुस्तके एका वाचकापाशी न थांबता घराण्याच्या दोन-तीन पिढ्यांना पुरतात. अशा पुस्तकांचा इतिहास पाहिला तर ती मुळातच घरच्या माणसांसाठी, घरच्या जिव्हाळ्यातून जन्मली होती असे दिसते.

आपले तलवाडा गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे येथील मुस्लिम घरांना उर्दू आणि मराठी असा दुहेरी वारसा मिळाला.

उर्दूतील ‘मिरातुल उरूस’ १८६९ साली प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक डेप्युटी नझीर अहमद पुढे काही वर्षे हैदराबाद संस्थानातही नोकरीस होते. आपल्या मुलींच्या हाती द्यावे असे पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनीच ते लिहिले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ही कथा. शिकलेली असगरी विस्कटलेला संसार सावरते आणि मुलींना शिकवू लागते. मुलगी शिकली तर घर बिघडेल अशी भीती बाळगणाऱ्या समाजाला या कथेने घरात बसूनच उत्तर दिले. पुढे हे पुस्तक नववधूला भेट देण्याचा प्रघात पडला, आणि आईचे पुस्तक लेकीकडे गेले.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रकरणे नाहीत, ४२ ‘रात्री’ आहेत. श्याम रोज रात्री सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. कोकणातील एका गरीब ब्राह्मण घरची ही आई कोणत्याही धर्माच्या मुलाला परकी वाटली नाही. ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तकही याच गुरुजींचे.

हैदराबादेत १८९७ साली जन्मलेले डॉ. झाकिर हुसेन पुढे राष्ट्रपती झाले. त्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी रुकय्या रेहाना या आपल्या लेकीच्या नावाने छापल्या. त्यांपैकी ‘अब्बू खाँ की बकरी’ मधील चांदनी रात्रभर लांडग्याशी झुंजते, पण पुन्हा दावे स्वीकारीत नाही. स्वातंत्र्याचा अर्थ मुलांना यातून व्याख्यानाशिवाय कळला.

आज अनेक घरांत आजीचे उर्दू पुस्तक नातवाला वाचता येत नाही. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्याला मराठी पुस्तकही जड जाते. हा वारसा एका पिढीत तुटू शकतो. मात्र गोष्ट ऐकायला लिपी यावी लागत नाही. ज्या आईला स्वतः वाचता येत नव्हते, तिनेही ऐकलेल्या गोष्टी मुलांना सांगितल्या. घरातील एकाने रोज रात्री दोन पाने मोठ्याने वाचली, तरी सारे घर ऐकते. ऐकता ऐकता एखादे मूल उद्या ते पुस्तक स्वतः हाती घेईल. पालकांनी एवढे अवश्य करावे.